खुन्याचा कबुलीजबाब आणि दूरचित्रवाणीवरील मालिका

बखर व अस्सल कागद यांच्या तारतम्याची चर्चा इतिहाससंशोधकांस नवी नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढिला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं बखरींची जी झाडाझडती घेतली, तिच्यानंतर बखरींतील संवाद घडलेले संवाद म्हणून उतरून घेण्यास कोणी जबाबदार लेखक सहसा धजत नाहीं. परंतु ही सावधगिरी आम्ही दोनशें वर्षांपूर्वींच्या गोष्टींपुरतीच राखून ठेविली आहे असें दिसतें. ज्यांचे पंचनामे, जबान्या व निकालपत्रें आजही न्यायालयांच्या दप्तरांत पाहतां येतील, अशा काल-परवांच्या खुनांवरील मालिका गेलीं कांहीं वर्षें दूरचित्रवाणीवर व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकसारख्या येत आहेत; आणि तिरोड्यापासून अर्जुनी-मोरगांवपर्यंत आमच्या जिल्ह्यांत त्या घरोघरीं पाहिल्या जातात. त्या पाहून उठलेला मनुष्य दुसरे दिवशीं चहाच्या टपरीवर ‘असें असें घडलें’ म्हणून सांगतो. तो बखरच सांगत असतो; मात्र ती बखर आहे हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

या मालिकांच्या खरेपणाविषयीं वृत्तपत्रांत जी चर्चा होते ती बहुधा बाह्य गोष्टींची असते. नटाचा चेहरा मूळ इसमाशीं किती जुळला, चष्मा तोच होता काय, खोलीच्या भिंती तशाच रंगविल्या होत्या काय, इत्यादि. अमेरिकेंत मिलवॉकी शहरीं १९९१ सालीं पकडल्या गेलेल्या जेफ्री डामर याजवर नेटफ्लिक्सनें २०२२ सालीं जी मालिका काढिली तींत हा बाह्य खरेपणा पराकाष्ठेस नेलेला आहे. खटल्याच्या शेवटीं एका मृत तरुणाच्या बहिणीनें भर न्यायालयांत जो आक्रोश केला, तो शब्दशः, तसाच पोषाख व तशीच केशरचना करून, नटीकडून वदविला आहे. त्या बहिणीनें पुढें जाहीर रीतीनें सांगितलें कीं, हें करण्यापूर्वीं आपणांस कोणी विचारलें देखील नाहीं. आणि याच मालिकेंत, पोलिसांस वारंवार कळविणारी जी शेजारीण खुन्याच्या भिंतीस भिंत लावून राहतांना दाखविली आहे, ती बाई वस्तुतः शेजारच्या इमारतींत राहत होती. पोषाख खरा, बिऱ्हाड खोटें. असा हा व्यवहार आहे. आणि पोषाखाच्या खरेपणानें मिळविलेल्या विश्वासावरच बिऱ्हाडाचा खोटेपणा खपून जातो, हें आमच्या मतें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मग खरेपणा मोजावा कशानें? याचें माप बाहेरून आणावयास नको. तें आमच्या गोंदियांतील एका प्रकरणांतूनच निघालेलें आहे, हें थोड्यांस ठाऊक असेल. तारीख २६ डिसेंबर १९४९ रोजीं गोंदियांत एका पांच वर्षांच्या मुलाचा खून झाला. गोंदिया तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांतील भंडारा जिल्ह्याचा भाग होता. मुलाचे वडील येथें धान्यखात्याचे अधिकारी होते. तांदूळ पॉलिश करण्यास त्या काळीं सरकारी मनाई होती. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं, खात्याचाच एक सहायक निरीक्षक एका गिरणींत तांदूळ पॉलिश करवून घेत असतांना या अधिकाऱ्यांस आढळला. त्यांनीं भंडाऱ्यास डेप्युटी कमिशनरांकडे कळविलें, व निरीक्षकाची नोकरी गेली. त्या सुडापायीं त्यानें मुलाचा जीव घेविला, असा फिर्यादी पक्षाचा आरोप. खटला चौघांवर झाला. त्यांतील एकानें कबुलीजबाब दिला, आणि त्यांत स्वतःबरोबर निरीक्षकासही गोंविलें. दोघे सुटले, कबुली देणारा व निरीक्षक यांस फांशीची शिक्षा झाली. निरीक्षकाचें अपील सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ‘कश्मीरासिंग विरुद्ध मध्यप्रदेश राज्य’ या नांवानें १९५२ सालीं त्याचा निकाल लागला, आणि तो लिहिला न्यायमूर्ति विवियन बोस यांनीं, जे त्यापूर्वीं नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

या निकालाचा आशय आम्ही आमच्या शब्दांत देतों. सहआरोपीचा कबुलीजबाब हा शपथेवर दिलेला नसतो, तो आरोपीच्या समक्ष दिलेला असेलच असें नाहीं, व त्याची उलटतपासणी होऊं शकत नाहीं. म्हणून तो माफीच्या साक्षीदाराच्या जबानीहूनही हलक्या दर्जाचा पुरावा होय. तेव्हां न्यायाधीशानें प्रथम तो कबुलीजबाब अजीबात बाजूस ठेवावा. उरलेला पुरावा एकत्र मांडावा. तेवढ्यानें दोष शाबीत होत असेल तर कबुलीकडे पाहण्याचें कारणच नाहीं. उरलेला पुरावा विश्वासार्ह व पुरेसा दिसत असूनही मन किंचित् कचरत असेल, तरच त्यास बळकटी म्हणून कबुलीचा आधार घ्यावा. या रीतीनें पाहतां निरीक्षकावरील खुनाचा आरोप टिकला नाहीं. पुरावा नाहींसा केल्याबद्दल मात्र त्यास सात वर्षें सक्तमजुरी झाली. सहआरोपीच्या कबुलीचा प्रश्न निघाला कीं देशांतील न्यायालयांत आजही या गोंदियाच्या निकालाचें नांव निघतें. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, तरी हें तत्त्व जागचें हललेलें नाहीं.

आतां अशी कल्पना करावी कीं, कोणी निर्माता या प्रकरणावर मालिका करण्यास गोंदियास आला. तो काय उचलील? गिरणींतील पॉलिशचा तांदूळ, भंडाऱ्यास गेलेलें पत्र, बडतर्फीचा हुकूम, हे सर्व कागदोपत्रीं सिद्ध असलेले भाग पहिल्या पांच मिनिटांत आटोपतील. तो रमेल तो कबुलीजबाबांत. कारण खून प्रत्यक्ष कसा झाला, कोण काय बोललें, मूल कसें नेलें, हें केवळ तेथेंच मिळण्यासारखें आहे. म्हणजे जें साधन न्यायालयानें प्रथम बाजूस ठेवण्यास सांगितलें, तेंच मालिकेचा पाया होणार. आणि जें न्यायालयानें प्रथम मांडावयास सांगितलें, तें पडद्यामागील सजावट होणार. खुनाच्या नाट्यीकरणांतील खरा दोष हा आहे. तो वेषांत नाहीं, भाषेंत नाहीं. साधनांचा क्रम उलटण्यांत आहे.

हा उलटा क्रम दूरचित्रवाणीनें शोधून काढिला असें मात्र नव्हे. ठगांच्या बाबतींत तो पावणेदोनशें वर्षांपूर्वींच घडलेला आहे. स्लीमननें माफी दिलेल्या ठगांच्या जबान्या व त्यांची बोली ‘रामासीआना’ या ग्रंथांत १८३६ सालीं कलकत्त्यास छापिली. तीनच वर्षांनीं मेडोज टेलरनें अशाच साहित्यावरून आपली कादंबरी रचिली आणि अमीर अली नांवाचा एक ठग आपली हकीकत आपल्या तोंडानें सांगतो असा घाट तीस दिला. अमीर अली हा कल्पित पुरुष. पण पुढें कित्येकांनीं ठगांचा आचार म्हणून जें जें सांगितलें त्यांत या कल्पित पुरुषाचा वांटा केवढा आहे, हें निवडणें आजच्या संशोधकांस जड जात आहे. मूळच्या जबान्याच मुळीं स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं, साहेबाच्या प्रश्नांस अनुसरून दिलेल्या. त्यांवर कादंबरी, कादंबरीवर लोकसमज, लोकसमजावर चित्रपट. आजच्या मालिकांची गति याहून निराळी होईल असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं.

महाराष्ट्रांतील प्रकरणें पाहिलीं तर पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खुनांपासून आरंभ करावा लागतो. १९७६-७७ मधील त्या दहा खुनांबद्दल चौघांस १९८३ सालीं येरवड्यास फांशी झाली, व त्यावरील मराठी चित्रपट १९८६ सालीं आला. त्याचें नांवच ‘माफीचा साक्षीदार’. साधनाचें नांव ग्रंथास देण्याचा हा प्रामाणिकपणा योजून केलेला असो वा नसो, आम्हांस आवडला. निदान ही हकीकत कोणाच्या तोंडची, हें प्रेक्षकास दारावरच कळतें.

गावित प्रकरणांतही माफीचा साक्षीदार होता. अंजनाबाई व तिच्या रेणुका आणि सीमा या दोन मुली १९९६ सालीं पकडल्या गेल्या. रेणुकेचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. आई खटल्यापूर्वींच तुरुंगांत वारली. लोकांच्या तोंडीं मारलेल्या मुलांची संख्या चाळिसांच्या पुढें जाते. न्यायालयांत उभें राहिलें तें तेरा मुलांचें अपहरण, आणि अखेरपर्यंत शाबीत राहिले ते पांच खून. चाळीस आणि पांच यांच्या मधलें हें अंतर हाच या प्रकरणाचा इतिहास आहे, असें म्हटलें तरी चालेल: कोणतीं मुलें, कोणाचीं, त्यांचीं नांवें पोलिसांस कां सांपडलीं नाहींत, हरवलेल्या मुलाची वर्दी देण्यासही ज्यांस कोणी नव्हतें तीं कोण? २०१९ सालीं झी-५ वर आलेल्या ‘पोशम पा’ या पटानें हा प्रश्न सोडून आईच्या क्रौर्यावर व मुलींच्या मनोवृत्तीवर सारी दृष्टि लाविली. चित्रपट करणारीं दोघें तुरुंगांत जाऊन बहिणींस बोलत्या करतात, अशी त्याची मांडणी आहे. मांडणी चतुर आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो कीं, बोलण्याचा अधिकार पुनः गुन्हेगाराकडेच जातो व मुलें केवळ त्यांच्या आठवणींत उरतात. शिवाय तेव्हां दोघींच्या गळ्याभोंवतीं फांशीची शिक्षा होती. दयेच्या अर्जांस झालेल्या दिरंगाईमुळें मुंबई उच्च न्यायालयानें ती जानेवारी २०२२ मध्यें रद्द करून जन्मठेप दिली. जिच्या जीवाचा निकाल लागावयाचा आहे अशा कैद्याचें अंतरंग रंगविणें ही केवळ कलेची बाब राहत नाहीं.

याहून गंभीर उदाहरण ‘देवमाणूस’ या मालिकेचें होय. झी मराठी वाहिनीवर ती ३१ ऑगस्ट २०२० पासून जवळजवळ वर्षभर चालली. खेड्यांतील लोक ज्यास देवमाणूस म्हणून मानतात असा एक डॉक्टर आंतून खुनी आहे, हें तिचें सूत्र. आणि तें वाई तालुक्यांतील प्रकरणावरून घेतलेलें आहे हें पाहणाऱ्या सर्वांस ठाऊक होतें. ऑगस्ट २०१६ मध्यें संतोष पोळ यास सातारा पोलिसांनीं पकडलें. २००३ पासून सहा खून केल्याची त्यानें कबुली दिली, असें पोलिसांचें म्हणणें. धोम परिसरांतून मृतदेह उकरून काढण्यांत आले. मालिका सुरू झाली तेव्हां खटला साताऱ्यास चालूच होता. आमचा पहिला आक्षेप येथेंच आहे. नांव बदललें, गांव कल्पित केलें, म्हणजे जबाबदारी संपली असें नाहीं. कारण प्रेक्षकास ओळख पटावी अशी व्यवस्था करावयाची आणि न्यायालयास मात्र ओळख पटूं नये असें म्हणावयाचें, हे दोन्ही व्यवहार एकाच वेळीं शोभत नाहींत. कबुली पोलिसांपुढील, पोलिसांपुढील कबुली कायद्यांत शाबीत करितां येत नाहीं, तिच्या अनुरोधानें जी वस्तु हातीं लागते तेवढ्यापुरतीच ती ग्राह्य होते. मालिकेंत ती जशीच्या तशी डोळ्यांपुढें घडते.

आणि तरी ‘देवमाणूस’ निकृष्ट मालिका आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. किरण गायकवाड यांचा डॉक्टर पाहतांना, गोड बोलण्याच्या आंत दडलेली थंडी अंगावर येते. घरांतील म्हातारीच्या म्हणी व पोरांची भांडणें यांत ती गांवाचें जीवन चांगलें पकडते. तिचा दोष लेखकाच्या अंगीं नसून दैनंदिन मालिका या प्रकारांतच आहे. खुनी पकडला गेला कीं मालिका संपली. सबब तो पकडला जातां कामा नये. रोज रात्रीं तो थोडक्यांत निसटला पाहिजे, आणि तो निसटावा म्हणून तो असामान्य धूर्त ठरला पाहिजे. २०२१ च्या डिसेंबरांत दुसरा भाग आला, २०२५ च्या जूनमध्यें ‘मधला अध्याय’ आला; खुनी मरतच नाहीं! वाईचें खरें प्रकरण याच्या नेमकें उलट आहे. तेथें विचार करावयास लावणारी गोष्ट धूर्तपणाची नसून वेळेची आहे. तेरा वर्षांत एका लहानशा तालुक्यांतून एकामागून एक माणसें नाहींशीं झालीं, आणि धागा जुळला नाहीं. शेवटची स्त्री अंगणवाडी सेविकांच्या संघटनेची पदाधिकारी होती; तिच्या मागें विचारणारीं माणसें होतीं; तेव्हां तपास हलला. आधींच्यांच्या मागें कोण होतें? नाहींशा झालेल्या बाईविषयीं गांवानें काय समजूत करून घेतली? हें दाखवावयाचें तर कांहींच न घडणारे दिवस दाखवावे लागतील. तसला भाग साडेदहाच्या मालिकेंत कोण घालील?

रामन राघवाच्या प्रकरणानें आणखी एक अडचण उभी केली आहे. मुंबईच्या उपनगरांत रस्त्यावर व झोपड्यांत निजलेल्या गरिबांचे खून करणारा हा इसम ऑगस्ट १९६८ मध्यें सांपडला. तपासाचें काम रमाकांत कुलकर्णी यांजकडे होतें. कोंबडीचें जेवण मिळाल्यावर तो बोलूं लागला ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. त्यानें किती खून कबूल केले याचे आंकडे कोठें तेवीस तर कोठें एकेचाळीस असे छापलेले आढळतात. १९६९ सालीं त्यास फांशी सुनावली गेली. पुढें उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून तीन मनोवैद्यांनीं त्यास तपासलें, तो असाध्य वेडा ठरला, व शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ सालीं तो पुण्यास मेला. म्हणजे येथें कबुलीजबाब आहे, तपशीलवार आहे, परंतु तो देणाऱ्याचें मनच ठिकाणावर नव्हतें. श्रीराम राघवन यांनीं १९९१ सालीं, सुमारें एक तासाच्या पटांत, रघुवीर यादव यांजकडून हा इसम उभा करविला. तो पट तपासाच्या वाटेनें चालतो आणि खुन्याच्या डोक्यांत शिरण्याचा फारसा आव आणीत नाहीं. अनुराग कश्यप यांनीं २०१६ च्या आपल्या चित्रपटास तेंच नांव दिलें, मात्र आरंभींच पडद्यावर लिहून टाकिलें कीं हा चित्रपट त्याच्याविषयीं नाहीं. नांव वापरून घेतल्याबद्दल त्यांस दोष देतां येईल. परंतु ही एक ओळ आम्हांस ‘सत्यघटनेवर आधारित’ या ठराविक शिक्क्याहून अधिक इभ्रतीची वाटते.

आमच्या नजीकचें प्रकरण नागपूरचें. १३ ऑगस्ट २००४ रोजीं नागपूरच्या जिल्हा न्यायालयांत, भर दिवसां, अक्कू यादव यास जमावानें ठार मारलें. त्याजवर खुनाचे व बलात्काराचे अनेक आरोप होते, आणि कस्तुरबानगरची वस्ती वर्षानुवर्षें त्याच्या दहशतीखालीं होती. वस्तींतील स्त्रिया म्हणाल्या, आम्हीं सर्वांनीं मारलें, सर्वांस धरा. हाही कबुलीजबाबच, परंतु तो गुन्हा सांगण्यासाठीं नव्हता, एकमेकींस वांचविण्यासाठीं होता. २०१४ सालीं पुराव्याअभावीं आरोपी निर्दोष सुटले. या घटनेवर उमेश कुलकर्णी यांची तीन भागांची मालिका नेटफ्लिक्सनें ऑक्टोबर २०२२ मध्यें दाखविली. ज्या ‘इंडियन प्रिडेटर’ मालेंत ती आली त्या मालेचें नांव शिकारी श्वापदावरून घेतलेलें आहे, आणि तेथेंच आम्हांस खटकतें. कारण त्या नांवानें मध्यभाग पुनः अक्कूस मिळतो. नाट्यरूपानें उभे केलेले प्रसंगही अनवश्यक वाटतात. तथापि वस्तींतील स्त्रिया तेथें स्वतःच्या चेहऱ्यानें व स्वतःच्या शब्दांत बोलतात, पोलीस व वकील आपापलें म्हणणें मांडतात, आणि हीं कथनें एकमेकांच्या शेजारीं ठेवलेलीं आहेत. त्या दिवशीं कोणाच्या हातून कोणता घाव बसला हें न्यायालयास ठरवितां आलें नाहीं. मालिकेनेंही तें ठरविल्याचा आव आणलेला नाहीं. याच घटनेवरून आदल्या वर्षीं निघालेल्या ‘२०० हल्ला हो’ या चित्रपटांत निवृत्त न्यायाधीश व त्यांची चौकशी समिति घालून कथानकास जो सुबक आकार दिला आहे, तो पाहतां कुलकर्णी यांचा हा संयम अधिकच उठून दिसतो.

यावर कोणी म्हणेल कीं नाटककारास मोकळीक हवी, आणि प्रेक्षक कांहीं दूधखुळा नाहीं. झाडीपट्टींत राहणाऱ्यांस हें सांगण्याची जरूरी नाहीं. शंकरपट आटोपल्यावर रात्रभर मंडपांत बसून नाटक पाहणारा आमचा प्रेक्षक, राजा झालेला इसम कोणत्या गांवचा हें ओळखून असतो. त्या मंडपांत नाटक हें नाटकच असतें. दूरचित्रवाणीवर मात्र खऱ्या वृत्तपत्राचें कात्रण, खऱ्या घटनास्थळाचें छायाचित्र आणि नटाचा चेहरा एकामागून एक एकाच पडद्यावर येतात, आणि कोणतें कोणतें हें निवडण्याचें साधन प्रेक्षकाच्या हातीं दिलेलें नसतें. मोकळीक घ्यावी, पण ती कोठें घेतली तें सांगावें. प्रत्येक भागाच्या शेवटीं चार ओळी पुरतील: यांतील कोणता प्रसंग न्यायालयांत शाबीत झालेला आहे, कोणता केवळ आरोपीच्या किंवा माफीच्या साक्षीदाराच्या तोंडचा आहे, कोणता लेखकानें रचिला, आणि खटला चालू आहे कीं संपला. संपादित कागदाखालीं टीप देतांना आम्ही जें करतों त्याहून यांत अधिक कांहीं मागितलेलें नाहीं.

आमच्याकडूनही एक गोष्ट होण्याजोगी आहे. भंडारा व गोंदिया येथील सत्र न्यायालयांच्या जुन्या खुनाच्या खटल्यांतील निकालपत्रांच्या नकला जमवून त्यांची यादी या त्रैमासिकांत क्रमशः छापावी, व तिचा आरंभ १९४९ च्या या प्रकरणापासून करावा, अशी सूचना आम्ही करतों. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शोधण्यास श्रम नाहींत. नागपुरांतून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९५२ च्या खंडांत, सर्वोच्च न्यायालयाच्या विभागांत, १५९ व्या पानावर तो छापलेला आहे.